नावासाठी मोर्चा, दगडासाठी कोण?

शहराचे नाव बदलण्याचा निर्णय झाला तेव्हा त्याविरुद्धच्या मोर्चात मीही होतो. मोर्चा सुटायला वेळ होता. आम्ही काही जण भडकल दरवाजाच्या सावलीत उभे होतो. माझ्या शेजारी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा वडिलांचा हात धरून उभा होता. त्याने मान वर करून कमानीकडे पाहिले आणि विचारले, "अब्बा, ये किसने बनाया?" वडील म्हणाले, "औरंगजेब बादशाहने, बेटा." आजूबाजूला पन्नासएक माणसे असतील. एकानेही ही चूक सुधारली नाही. मीही सुधारली नाही, कारण त्या दिवशी मलाही खरे उत्तर माहीत नव्हते. याच शहरात जन्मलो, याच दरवाजातून सायकलवर शाळेत गेलो, नोकरी करून निवृत्त झालो, आणि तो दरवाजा कोणी बांधला हे मला ठाऊक नव्हते.

भडकल दरवाजा औरंगजेबाने बांधलेला नाही. तो १६१२ मध्ये मलिक अंबरने उभारला, आणि उभारला तो मुघल फौजेवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. तेव्हा मुघल तख्तावर जहांगीर होता, म्हणजे औरंगजेबाचा आजोबा. खुद्द औरंगजेबाचा जन्म व्हायला अजून सहा वर्षे होती. ज्या कमानीखाली जमून आपण औरंगजेबाच्या नावासाठी घोषणा द्यायला निघालो होतो, ती कमान त्याच्या आजोबाच्या फौजेच्या पराभवाची आहे. आणि दुसऱ्या बाजूला, या शहरातला प्रत्येक घुमट आणि प्रत्येक कमान ही मुघल गुलामीची खूण आहे असे सांगणारे आहेत. त्यांनाही हे ठाऊक नाही. दोन्ही बाजू एका दरवाजावरून भांडत आहेत आणि दोघांनीही त्या दरवाजाची ओळख करून घेतलेली नाही.

या लेखात मला भांडायचे आहे ते मुख्यतः आपल्या लोकांशी. दुसऱ्या बाजूशी रोजच भांडण चालू असते, आणि त्या भांडणात आपले हात किती स्वच्छ आहेत हे पाहायचे राहून जाते.

आधी त्या माणसाविषयी, ज्याने हे शहर वसवले. मलिक अंबर हबशी होता. इथिओपियात, १५४८ च्या सुमारास जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार फिरत दख्खनमध्ये पोहोचला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले, आणि हा चंगेजखान स्वतःही हबशीच होता. त्या गुलामाने पुढे स्वतःची फौज उभी केली, निजामशाहीचा कारभार हाती घेतला, आणि गनिमी काव्याने मुघलांना दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. जहांगीर त्याला जिवंत हरवू शकला नाही. शेवटी चित्रकार अबुल हसनकडून त्याने एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारताना दाखवला आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. रणात जे जमले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले.

या माणसाने १६१० मध्ये खडकी या गावी राजधानीचे शहर वसवले. तो १६२६ मध्ये वारला तेव्हा त्याचा मुलगा फतहखान याने शहराला आपले नाव दिले, फतहनगर. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने ते नाव काढून औरंगाबाद केले. म्हणजे सत्तेवर आलेल्याने शहराला आपल्या पसंतीचे नाव द्यायचे ही रीत इथे आजची नाही, आणि ती सुरू करणारे आपण ज्यांना आपले म्हणतो तेच होते. छत्रपती संभाजीनगर हे नाव सरकारने २०२३ मध्ये दिले, मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मी मोर्चात गेलो याची मला लाज नाही. लोकांना न विचारता, एका समाजाला खिजवण्यासाठी नाव बदलणे चूक आहे असे माझे आजही मत आहे. माझ्या आईच्या तोंडी औरंगाबाद होते, माझ्याही तोंडी तेच राहील. पण नावाच्या पाटीसाठी आपण जेवढे दिवस रस्त्यावर घालवले, त्यातला एक दिवस तरी त्या पाटीमागच्या दगडांसाठी घालवला का?

या दगडांची गोष्ट आपण मुलांना कशी सांगतो ते पाहू. बीबी का मकबरा दाखवायला नेतो आणि म्हणतो, हा गरिबांचा ताजमहाल. पाहुण्यांनाही तेच सांगतो, थोडे ओशाळून. आग्र्याचा आहे तसा पूर्ण संगमरवरी नाही, पैसे कमी पडले, म्हणून वर चुना फासला, असे म्हणून पुढे चालू लागतो. दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये याच शहरात वारली. तिचा मुलगा आजमशाह याने आईसाठी ही कबर बांधली. खर्च ६,६८,२०३ रुपये झाल्याची नोंद 'तारीखनामा' या ग्रंथात आहे. खालच्या पट्ट्यापर्यंत आणि घुमटाला संगमरवर, मधल्या भागात आपल्याच डोंगरातला काळा बेसाल्ट, आणि त्या बेसाल्टवर चुन्याचा असा गिलावा की लांबून पाहणाऱ्याला दगड कुठे संपला आणि चुना कुठे सुरू झाला ते कळत नाही. नक्षीची पाने, फुले, जाळ्या, कोनाडे, सगळे चुन्यात घडवलेले. संगमरवर पैसे टाकले की गाडीतून येतो. चुन्यातले हे काम मात्र हातात असावे लागते. ते हात इथे होते. 'कमी पडले' म्हणून जे आपण सांगतो ते खरे म्हणजे या मातीतल्या कारागिरांचे मोठेपण आहे.

मकबऱ्याच्या मुख्य प्रवेशाला पितळी पत्र्याने मढवलेला दरवाजा आहे. त्यावर वेलबुट्टी उठवलेली आहे. तिथल्या लेखात बांधणाऱ्यांची दोन नावे आहेत. एक अताउल्ला, जो ताजमहालचा प्रमुख वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. दुसरे नाव हंसपतराय. एक आराखडा करणारा, दुसरा बांधकामाचा जाणकार. मुघल शहजाद्याच्या आईच्या कबरीच्या दारावर एका हिंदू अभियंत्याचे नाव कोरले गेले आणि साडेतीनशे वर्षे ते तिथे आहे. आपल्या किती मदरशांत, किती उर्दू शाळांत, किती मराठी शाळांत हे नाव मुलांना सांगितले जाते? इमारतीला धर्म चिकटवणाऱ्यांना उत्तर म्हणून आपण तासन्‌तास भाषणे देतो. उत्तर त्या दारावरच लिहिलेले आहे. तिथे जाऊन बोट दाखवायचे एवढेच बाकी आहे, आणि तेवढेही आपण करत नाही.

आता पाण्याविषयी. आज या शहरात अनेक वस्त्यांना कित्येक दिवसांआड नळाचे पाणी मिळते. पाणी येते ते पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून, पंपांनी चढवून. वीज गेली की पाणी गेले. मलिक अंबरकडे पंप नव्हते. त्याने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याला जमिनीत मुरलेले पाणी अडवले आणि जमिनीखालून बांधलेल्या नळातून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. नळात साचणारी हवा बाहेर पडावी आणि दाब आवरावा म्हणून वाटेत दगडी मनोरे बांधले, साफसफाईला उतरता यावे म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवली. हीच नहर-ए-अंबरी. शहराच्या हौदांत आणि कारंज्यांत तिचे पाणी खेळत होते.

पाणचक्कीची नहर त्यानंतरची. मध्य आशियातून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहसाठी ती आणली. डोंगराकडून आलेले पाणी भिंतीत चढवून उंचावरून खाली सोडले, त्या धारेवर जाते फिरवले, त्या जात्यावर फकिरांच्या आणि प्रवाशांच्या लंगरचे पीठ दळले. पडलेले पाणी वाया गेले नाही, ते मोठ्या हौदात साठवले. त्या हौदाच्या तळाखाली खांबांवर उभे असलेले दालन आहे, म्हणजे दालनाचे छत हाच हौदाचा तळ. उन्हाळ्यात त्या दालनात जाऊन बसा, वातानुकूलित खोलीची आठवण राहणार नाही. एका इमारतीत पाणी, अन्न, इबादत आणि गारवा यांची सोय ज्यांनी एकत्र केली त्यांच्यापुढे आपण आज काय बांधतो आहोत, हे स्वतःलाच विचारून पाहावे.

हे पाण्याचे शास्त्र कोणा एका धर्माचे नव्हते, एका बाजूचेही नव्हते. अंबर ज्यांच्याशी लढत होता त्या मुघलांचा सरदार अब्दुर्रहीम खानेखाना याच्या काळात, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा ही अशीच भूमिगत योजना झाली. शंभरेक वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले, तेही जमिनीखालच्या दगडी नळातून, वाटेत हवा सोडणारे उच्छ्वास ठेवून. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेल्या सत्तांनी पाण्याचा एकच धडा गिरवला. पुणेकर आपल्या कात्रजच्या नळाचा अभिमान बाळगतात आणि बाळगावाच. आपल्या नहरीचे काय झाले? तिच्या वाटेवर घरे आली, दुकाने आली, रस्ते आले. तिच्या तोंडांत कचरा आणि सांडपाणी गेले. त्या घरांत आणि दुकानांत आपली किती आहेत, हे मी मोजत बसत नाही. आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहे.

इथवर आलो की आपल्यातले काही जण म्हणतात, ही सगळी जबाबदारी सरकारची. पुरातत्त्व खाते आहे, महापालिका आहे, वक्फ मंडळ आहे. बरोबर आहे. सरकारने काय केले, काय नाही, याचा हिशेब मागायलाच हवा. शहराची ओळख बावन्न दरवाजांचे शहर अशी, आणि आज उभे असलेले दरवाजे बोटांवर मोजता येतात. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी झाली, त्याचे श्रेयही द्यायला हवे. पण ज्या जागा सरकारच्या हातात नाहीत, ज्यांच्या चाव्या आपल्या खिशात आहेत, तिथे आपण काय केले? त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

मी माझ्यापासून सुरुवात करतो.

आमच्या मोहल्ल्यातली मशीद जुनी आहे. किती जुनी, ते आज मी सांगू शकत नाही, आणि सांगू का शकत नाही हाच या लेखाचा मुद्दा आहे. काळ्या दगडाचे खांब, चुन्यातल्या कमानी, अंगणात वजूचा हौद. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कमिटीने ठरवले की मशीद नवी दिसली पाहिजे. खांबांना सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट, मेहराबीच्या भिंतीला ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल. हौद बुजवून नळांची रांग. त्यासाठी चंदा गोळा करणाऱ्यांत मी पुढे होतो. पावतीपुस्तक माझ्याकडे होते. आमच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे चाचा, पूर्वी गवंडीकाम केलेले, तेवढे विरोधात होते. ते म्हणाले, "ये पत्थर साँस लेता है बेटा, इसका मुँह बंद मत करो." आम्ही हसलो. कमिटीचे एक जण म्हणाले, "चाचा, जमाना बदल गया. अल्लाह का घर चमकना होना."

चाचा कविता करत नव्हते, कामातले सांगत होते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. पावसाळ्यात ओल आत शिरते आणि चुन्याच्या सांध्यांतून पुन्हा वाळून बाहेर पडते. त्या चुन्यात जुने कारागीर गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ मिसळत, घाणीवर बैलांकडून दिवसेंदिवस मळून घेत. असा चुना वर्षानुवर्षे कडक होत जातो आणि तरी भिंतीला श्वास घेऊ देतो. सिमेंट तो रस्ता बंद करते. ओल आत कोंडते, क्षार बाहेर यायला जागा शोधतात, रंग फुगतो, पोपडे पडतात, आणि आतला चुना पीठ होऊन सुटतो. तिसऱ्याच पावसाळ्यात आमच्या खांबांवर पोपडे आले. आम्ही पुन्हा चंदा केला, पुन्हा सिमेंट, पुन्हा रंग. गेल्या काही वर्षांत तिसऱ्यांदा. अल्लाहच्या घराच्या नावाने आम्ही ज्या भिंतीवर पैसे खर्च करत होतो, तीच भिंत त्या पैशाने पोखरत होतो.

खरा हिशेब चुकता झाला २०२५ मध्ये. वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली, त्याविरुद्ध आपण सभा घेतल्या, काळ्या फिती लावल्या. त्या कायद्यावरचे बरेच आक्षेप मला मान्य आहेत. मग वक्फ मिळकतींचा तपशील उमीद पोर्टलवर भरण्याची धावपळ सुरू झाली. आमच्या कमिटीत कागद शोधायला बसलो. जुने एक-दोन उतारे मिळाले. मशीद कधी बांधली, कोणी बांधली, जागा कोणी दिली, याचा कागद नव्हता. तेव्हा दुसऱ्या एका बुजुर्गांना आठवले. मेहराबीच्या वर फारसी अक्षरांचा एक दगड होता, लहानपणी ते नमाज संपल्यावर तो पाहत बसायचे. वाचता येत नव्हता, पण खाली आकडे होते असे त्यांना वाटत होते. गवंडी चाचा एव्हाना गेले होते. तो दगड कुठे आहे? आम्ही सगळे भिंतीकडे पाहू लागलो. तिथे ग्रॅनाइट होते.

एका रविवारी फजरनंतर आम्ही त्या जागेवरच्या चार टाइल्स काढल्या. दगड तिथेच होता. पण टाइल लावताना सिमेंट धरावे म्हणून गवंड्याने दगडावर छिन्नीने जागोजाग खड्डे पाडलेले होते. वरच्या ओळीतले दोन-तीन शब्द लागतात. अल्लाहचे नाव आहे. खालची ओळ, जिथे बांधणाऱ्याचे नाव आणि हिजरी साल असायला हवे, ती खड्ड्यांनी भरलेली आहे. एका अंकाचा शेंडा दिसतो. तो एक असेल किंवा नऊ असेल. फारसी जाणणाऱ्या एका प्राध्यापकांना फोटो दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कोणी केले हे?" मी गप्प राहिलो. पावतीपुस्तक अजून माझ्या कपाटात आहे.

आमच्या मशिदीवर कोणी बुलडोझर आणला नव्हता. कोणी झेंडा घेऊन आले नव्हते. आमच्या वाडवडिलांनी दगडावर लिहून ठेवलेला पुरावा आम्ही आमच्या हाताने, आमच्या पैशाने, बिस्मिल्ला म्हणून खोडला. उद्या कोणी विचारले की तुमची मशीद कधीपासूनची, तर आम्ही म्हणणार, फार जुनी आहे हो. एवढ्याने कचेरीत कोणी ऐकत नाही आणि कोर्टातही नाही.

ही गोष्ट सांगितली की मला तीन उत्तरे मिळतात. तिन्हींचा विचार करू.

पहिले उत्तर, मशीद ही इबादतची जागा आहे, म्युझियम नाही. लोक वाढले, जागा लागते, पंखे लागतात, वजूला स्वच्छ पाणी लागते. मान्य. मी कोणाला अंधारात नमाज पढायला सांगत नाही. पंखा लावायला फारसी दगड खोडावा लागत नाही. नळ हवेत म्हणून हौद बुजवावाच लागतो असे नाही. वाढीव जागा शेजारी बांधता येते, मूळ इमारतीला हात न लावता. प्रश्न सोयीचा नसून चमकण्याचा आहे. शेजारच्या मोहल्ल्याच्या मशिदीचा मिनार आपल्यापेक्षा उंच झाला, हे आपल्याला सहन होत नाही. साधेपणाचा धर्म सांगणाऱ्यांनी निदान ही चढाओढ इस्लामच्या नावाने करू नये.

दुसरे उत्तर जास्त कळकळीचे असते. आज आपल्या पोरांना घर भाड्याने मिळत नाही, नोकरीत नाव ऐकून चेहरे बदलतात, आणि तुम्ही दगडांचे काय घेऊन बसलात? मी हे उत्तर हसण्यावारी नेत नाही. पण मार्च २०२५ आठवा. खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडून टाका अशी मागणी झाली आणि त्यावरून नागपुरात दंगल पेटली. ज्या कबरीवर छतही नाही, ज्या बादशहाने साधी मातीची कबर मागितली, तिच्यासाठी माणसांची डोकी फुटली. दगडांचा प्रश्न आपण सोडला तरी तो आपल्याला सोडत नाही. ती कबर वाचली ती तिथे मिरवणारे होते म्हणून नाही. ती संरक्षित स्मारक म्हणून कायद्याच्या यादीत आहे, १९५८ चा पुरातन वास्तूंचा कायदा तिच्या बाजूने आहे, म्हणून सरकारलाही बंदोबस्त लावावा लागला. औरंगजेबावर प्रेम असण्याची अट त्यात नाही. माझे त्याच्यावर नाही. ज्याने भावाला मारले, बापाला कैदेत ठेवले, ज्याने संभाजी महाराजांना हालहाल करून मारले, त्या बादशहाचे फोटो मोबाइलवर लावून फिरणारी आपली पोरे आपल्या समाजाचे काय भले करत आहेत ते त्यांनीच सांगावे. इमारत राखायची ती इतिहास कळावा म्हणून, राजाचा जयजयकार करायला नाही. आणि यादीत नाव, मोजमाप, जुना फोटो, नकाशा, दगडावरचे साल, एवढेच शेवटी उपयोगी पडते. २००२ मध्ये अहमदाबादेत वली दखनीची मजार पाडून त्यावर डांबरी रस्ता केला गेला. आपल्या शहराच्या या शायराची निशाणी तिथे उरली नाही. जे नोंदलेले नसते ते नव्हतेच असे म्हणणे सोपे जाते.

तिसरे उत्तर माझ्या हिंदू मित्रांकडून येते. ते सौम्यपणे म्हणतात, हा तुमचा वारसा, तुम्ही सांभाळा. या शब्दांतला 'तुमचा' मला खटकतो. मलिक अंबरच्या फौजेत मराठे बारगीर होते. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मुघल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. खडकीतली मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे भोसले घराण्यातल्या सरदारांवरून पडल्याचे इतिहासलेखक सांगतात. मुघलांशी डोंगराआडून लढण्याची जी रीत अंबरने दख्खनमध्ये रुजवली, तिचे पुढे काय झाले हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. भडकल दरवाजा हा जर मुघलांवरच्या दख्खनी विजयाचा दरवाजा असेल, तर तो जितका माझा आहे तितकाच शहाजीराजांचे नाव घेणाऱ्याचा आहे. आज त्या दरवाजाजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. गुलाम म्हणून विकलेल्या माणसाने बांधलेल्या कमानीजवळ बाबासाहेब उभे आहेत, ही जागा किती लोकांची आहे ते यावरून समजावे.

मग करायचे काय? मोठ्या मागण्या निवेदनात असतातच. मी आपल्या हातात असलेल्या गोष्टी सांगतो.

प्रत्येक जुन्या मशिदीच्या, दर्ग्याच्या, कब्रस्तानाच्या कमिटीने या वर्षात एक वही करावी. त्यात इमारतीचे मोजमाप, प्रत्येक भिंतीचा फोटो, प्रत्येक कोरीव लेखाचा फोटो आणि त्याचे वाचन. फारसी वाचणारे अजून आहेत, ते म्हातारे होत चालले आहेत. तोवर जुन्या दगडावर टाइल, ग्रॅनाइट, सिमेंट, ऑइलपेंट यांपैकी काहीही लावू नये. दुरुस्ती लागेल तिथे चुन्याचे काम जाणणारा कारागीर शोधावा. मकबऱ्यावर आणि दरवाजांवर काम केलेले कारागीर याच भागात आहेत, त्यांना काम दिले तर त्यांची मुलेही हे शिकतील. जुम्म्याच्या चंद्यातला काही भाग वेगळ्या खात्यात, केवळ जतनासाठी ठेवावा आणि त्याचा हिशेब फळ्यावर लावावा. नहरीच्या वाटेवर ज्यांचे बांधकाम आहे त्यांनी निदान तिची तोंडे मोकळी करावीत. कमिट्यांवर बायकांना घ्यावे. आमच्या घरात जुने फोटो, जुन्या पावत्या, आजोबांचे कागद जपून ठेवले आहेत ते माझ्या बायकोने. कमिटीच्या कपाटात काहीच सापडले नाही.

हे सांगताना मला ठाऊक आहे की काही जण म्हणतील, घरातली धुणी बाहेर धुतली, विरोधकांच्या हाती कोलीत दिले. ज्यांना आपल्या विरोधात बोलायचे आहे त्यांना माझ्या लेखाची गरज नाही. आणि जो समाज स्वतःच्या हाताने खोडलेल्या दगडाविषयी बोलू शकत नाही, त्याने दुसऱ्याने बदललेल्या पाटीविषयी कितीही मोठ्याने बोलले तरी त्यात जोर येणार नाही.

आमच्या मशिदीत त्या चार टाइल्स परत लावलेल्या नाहीत. कमिटीत यावर दोन बैठका झाल्या, आवाज चढले. काहींना तो खड्डेखड्डे पडलेला दगड विद्रूप दिसतो. मी हट्ट धरला की तो तसाच उघडा राहू दे, आम्ही काय केले ते पोरांना दिसू दे. सध्या तरी तो उघडा आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी भडकल दरवाजाखाली उभा असतो. तिथून जामा मशीद, किले अर्क, मकई दरवाजा, पाणचक्की असे चालत जातो. मागच्या वेळी नऊ जण होते, त्यात चार मुली आणि दोन मराठा पोरे. वही-पेन्सिल आणावी, पाण्याची बाटली आणावी. पहिला प्रश्न मी विचारतो, हा दरवाजा कोणी बांधला? चुकीचे उत्तर आले तरी चालते. मीही एकदा गप्प राहिलो होतो.